हिशेब मागणारा पंतप्रधान

मोहम्मद मोसादेघ दहा वर्षांचे असताना इराणने आपले पहिले मोठे परकीय कर्ज काढले. हे कर्ज ना रेल्वेसाठी होते, ना कालव्यांसाठी, ना दुष्काळ निवारणासाठी. शहा नासिरुद्दीन यांनी १८९० मध्ये देशातील तंबाखूच्या खरेदी, विक्री व निर्यातीचा पन्नास वर्षांचा मक्ता एका इंग्रज मेजरला देऊन टाकला होता. मोबदला होता वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्यातील चौथाई हिस्सा. लागवड करणारे शेतकरी, बाजारातील व्यापारी आणि मौलवी या निर्णयाविरुद्ध एकवटले. १८९१ च्या डिसेंबरात तंबाखू वर्ज्य ठरविणारा फतवा निघाला आणि तेहरानमधील हुक्के, अगदी राजवाड्यातील जनानखान्याचेसुद्धा, थंड पडले. शहांना मक्ता रद्द करावा लागला. लोकांचा विजय झाला खरा, परंतु कंपनीने नुकसानभरपाईपोटी ५ लाख पौंड मागितले. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. मग तेहरानमधील इम्पीरियल बँक ऑफ पर्शिया या ब्रिटिश बँकेनेच सहा टक्के व्याजाने ती रक्कम इराणला दिली आणि इराणच्या आखातातील बंदरांची जकात तारण म्हणून लिहून घेतली. इंग्रजांना भरपाई देण्यासाठी इंग्रजांकडूनच कर्ज, आणि त्या कर्जासाठी स्वतःचीच बंदरे गहाण, असा तो व्यवहार होता.

त्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, मोसादेघ यांचे वडील कॉलऱ्याच्या साथीत गेले. पेशवाईच्या परिभाषेत सांगायचे तर घराणे फडणिसांचे होते. वडील राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख होते आणि आई नज्म-उस-सल्तने ही सत्ताधारी काजार राजवंशातील. वडिलांच्या पश्चात प्रथेप्रमाणे मुलाला किताब मिळाला आणि मिसरूडही फुटले नव्हते अशा वयात खुरासान प्रांताच्या महसुली दप्तराची जबाबदारी त्याच्याकडे आली. हे पद नावापुरते मिरवावे असा संकेत होता. या मुलाने मात्र त्या वह्या खरोखर वाचल्या. कोणत्या गावाचा सारा कुठे मुरतो, कोणाच्या तनख्याची नोंद कोणाच्या खात्यावर पडते, हे त्याला लहान वयातच कळू लागले. पुढील साठ वर्षांत मोसादेघ अनेक पदांवर आले आणि गेले, परंतु त्यांचा मूळ पिंड वकिलाचा किंवा आंदोलकाचा नसून हिशेबनिसाचा होता. त्यांचे राजकारण समजून घ्यायचे तर ही गोष्ट विसरून चालत नाही.

ते खुरासानचे दप्तर सांभाळत असताना तेहरानमध्ये कर्जाचा दुसरा अंक सुरू झाला होता. नवे शहा मुझफ्फरुद्दीन यांना युरोपच्या सहली करावयाच्या होत्या. १९०० मध्ये रशियाने २ कोटी २५ लाख रुबल पाच टक्के व्याजाने दिले. अट अशी की, आधी इंग्रजांचे कर्ज फेडून टाकायचे आणि रशियाच्या संमतीविना अन्य कोणाकडून कर्ज घ्यायचे नाही. तारण होते उत्तरेकडील जकातीचे. दोन वर्षांनी आणखी एक कोटी रुबल आले. जकात वसुलीचा कारभार बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने आपसात करार करून इराणची प्रभावक्षेत्रे वाटून घेतली, तेव्हा इराणला विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. सावकाराने शेत वाटून घेताना कुळाला कशाला विचारावे?

या अपमानातूनच १९०६ ची घटनात्मक क्रांती झाली आणि मजलिस, म्हणजे संसद, अस्तित्वात आली. इस्फहानमधून मोसादेघ निवडून आले, परंतु वयाची तीस वर्षे पूर्ण नसल्याने त्यांना सदस्यत्व मिळाले नाही. ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे प्रकृतीने दगा दिला. आयुष्यभर पुरलेले दुखणे तेथूनच त्यांच्या मागे लागले. अखेरीस स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून त्यांनी १९१४ मध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळविली. मधल्या काळात मजलिसने मॉर्गन शूस्टर या अमेरिकी तज्ज्ञाला खजिन्याची घडी बसविण्यासाठी बोलावले होते. त्याने श्रीमंतांकडून करवसुली सुरू करताच रशियाने निर्वाणीचा खलिता धाडला, फौजा पुढे सरकविल्या आणि १९११ च्या डिसेंबरात मजलिसच बंद पडली. ऋणको देशाने आपले खाते नीट लावावे, हेही धनकोला खपत नाही, असा या प्रकरणाचा अर्थ होता. मोसादेघ यांच्या पिढीने तो मनात कोरून ठेवला.

पहिल्या महायुद्धाच्या काळातच रशियात क्रांती झाली आणि मैदानात एकटा ब्रिटन उरला. १९१९ च्या करारान्वये इराणला २० लाख पौंडांचे कर्ज सात टक्क्यांनी मिळणार होते आणि बदल्यात लष्कर व खजिना दोन्हींवर ब्रिटिश सल्लागार बसणार होते. करारावर सही करणाऱ्या पंतप्रधानांसह तिघा मंत्र्यांना १ लाख ३१ हजार पौंड गुपचूप देण्यात आले होते, हे नंतर उघड झाले. मोसादेघ तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होते. या कराराविरुद्ध त्यांनी तेथूनच पत्रके काढली, निवेदने पाठविली. देश विकला गेला असे वाटून त्यांनी युरोपातच स्थायिक व्हायचे ठरविले होते, परंतु कराराला इराणमध्ये इतका विरोध झाला की तो कागदावरच राहिला, आणि ते परतले.

पुढची काही वर्षे फार्सचे राज्यपाल, अर्थमंत्री, अझरबैजानचे राज्यपाल, परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी सांभाळली. १९२५ मध्ये लष्करी अधिकारी रेझा खान यांना गादीवर बसविण्याचा ठराव मजलिसमध्ये आला, तेव्हा उघडपणे उभे राहून विरोध करणाऱ्या चौघांत मोसादेघ होते. त्यांचा युक्तिवाद अगदी वकिली होता. रेझा खान कर्तबगार आहेत, मग त्यांना सत्ता नसलेला घटनात्मक राजा करून त्यांचे कर्तृत्व वाया का घालवायचे? आणि राजा असून ते राज्यही करणार असतील, तर मग घटना कशासाठी? ठराव अर्थातच मंजूर झाला. काही वर्षांतच मोसादेघ राजकारणातून बाजूला झाले आणि तेहरानच्या पश्चिमेस असलेल्या अहमदाबाद या आपल्या गावी शेती करू लागले. आपल्याकडील अहमदाबादशी या गावाचा संबंध नाही. १९४० मध्ये रेझा शहांनी त्यांना कोणताही आरोप न ठेवता अटक करून दूरच्या बिरजंद येथील तुरुंगात धाडले. वडिलांना नेताना पाहून धाकट्या मुलीच्या मनावर जो आघात झाला त्यातून ती कधीच सावरली नाही. त्यांची सुटका झाली ती युवराज मोहम्मद रेझा यांच्या मध्यस्थीने. तेरा वर्षांनी याच युवराजाच्या, तेव्हाच्या शहाच्या, फर्मानाने मोसादेघ पदच्युत होणार होते.

आता तेलाकडे वळायला हवे. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या धनिकाने २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे १६ टक्के एवढ्या मोबदल्यात इराणच्या बहुतांश भूमीवरील तेलाचा साठ वर्षांचा हक्क मिळविला. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान येथे तेल लागले. १९१४ मध्ये आरमार कोळशावरून तेलावर नेण्याच्या धोरणापायी ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल विकत घेतले. तेव्हापासून ही कंपनी नावाला खासगी, प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारची होती. १९३३ च्या नव्या कराराने तिचा मक्ता १९९३ पर्यंत वाढला. आखाताच्या टोकावरील आबादान येथे तिने जगातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभारला. तेथे हजारो भारतीय कारागीर आणि कारकूनही नोकरीला होते. इंग्रज साहेबांसाठी हिरवळ, क्लब आणि पोहण्याचे तलाव होते. इराणी मजुरांच्या एका वस्तीचे नावच कागदाबाद होते. ती झोपडपट्टी होती.

१६ टक्के नफा कशाचा, हे मात्र कंपनीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. नफा ठरविणारी वही लंडनमध्ये होती आणि ती इराणी अधिकाऱ्यांना दाखविली जात नसे. कंपनी ब्रिटिश आरमाराला तेल किती सवलतीत देते, उपकंपन्यांचा नफा कुठे दाखविते, या प्रश्नांना उत्तरे नव्हती. १९५० मध्ये इराणच्या वाट्याला सुमारे १ कोटी ६० लाख पौंड आले. त्याच वर्षी कंपनीने ब्रिटिश सरकारला भरलेला कर याहून कितीतरी अधिक होता. जमिनीचा धनी मागच्या बाकावर आणि कर गोळा करणारा परका पुढे, ही स्थिती फडणिसाच्या मुलाला पटण्याजोगी नव्हती.

रेझा शहांना १९४१ मध्ये ब्रिटन व सोव्हिएत रशियाने पदच्युत केल्यावर मोसादेघ पुन्हा मजलिसमध्ये आले. १९४४ मध्ये सोव्हिएत रशियाने उत्तरेकडील तेलाचा हक्क मागितला. तेव्हा मजलिसच्या मंजुरीविना तेलाच्या मक्त्यासंबंधी परक्यांशी बोलणीही करू नयेत, असा कायदा मोसादेघ यांनी मंजूर करून घेतला. तोवर इराणी मुत्सद्द्यांची रीत अशी होती, की इंग्रजाला एक सवलत दिली की समतोलासाठी रशियनालाही एक द्यायची. मोसादेघ यांनी हे सूत्र उलटे केले. समतोल साधायचाच तर दोघांनाही काही न देऊन साधावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला एक हात तोडल्याबद्दल तोल जातो म्हणून दुसराही तोडायला सांगितले जाते, अशा माणसाची उपमा त्यांनी जुन्या धोरणाला दिली होती.

१९४९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. १९५० च्या अखेरीस शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकी कंपनीने निम्मा नफा देऊ केला, आणि इराणमध्ये तडजोडीची उरलीसुरली शक्यता संपली. १५ मार्च १९५१ रोजी मजलिसने आणि पाच दिवसांनी सिनेटने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाला मंजुरी दिली. एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले. वय ६८. अशक्तपणामुळे ते पाहुण्यांना लोखंडी खाटेवर पडूनच भेटत, भाषण करताना त्यांना रडू कोसळे, क्वचित घेरीही येई. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांच्या या पायजम्यातल्या पंतप्रधानकीची यथेच्छ टवाळी केली. टाइम साप्ताहिकाने १९५१ चे वर्षपुरुष म्हणून त्यांची निवड केली, तीही कौतुकापेक्षा वैतागाच्या सुरात.

राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात एक तरतूद होती, जिच्याकडे टवाळी करणाऱ्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले. कंपनीच्या दाव्यांपोटी तेलाच्या उत्पन्नातील पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवण्याची हमी त्यात दिलेली होती. मोसादेघ भरपाई नाकारत नव्हते. नळ, टाक्या, कारखाना यांची किंमत मोजायला ते तयार होते. ब्रिटनला मात्र १९९३ पर्यंत जो नफा मिळाला असता त्याचीही भरपाई हवी होती. तंबाखूच्या वेळी हेच घडले होते, अगदी छोट्या प्रमाणात. आता मागणी मान्य केली असती, तर तेल कागदोपत्री इराणचे झाले असते आणि त्याचे उत्पन्न पुढची चाळीस वर्षे लंडनला हप्ते भरण्यात गेले असते.

ब्रिटनने युद्धनौका आखातात आणल्या, परंतु अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांची साथ नसल्याने गोळीबाराची वेळ आली नाही. दुसरे हत्यार अधिक परिणामकारक होते. लंडनमध्ये असलेल्या इराणच्या पौंडांचे डॉलरमध्ये रूपांतर करण्याची सवलत काढून घेण्यात आली. साखर आणि पोलाद यांसारख्या मालाची निर्यात थांबविण्यात आली. इराणी तेल विकत घेणाऱ्यावर चोरीचा माल घेतल्याचा दावा लावण्यात येईल, असा इशारा जगभर दिला गेला. १९५१ च्या ऑक्टोबरात शेवटचे इंग्रज कर्मचारी आबादान सोडून गेले आणि कारखान्याची धुरांडी थंडावली. वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास तेल काढणारा देश आपलेच तेल विकू शकेना. कुवेत, सौदी अरेबिया आणि इराकमधील उत्पादन वाढवून तेल कंपन्यांनी जगाची गरज भागविली. मोसादेघ यांचा अंदाज येथे साफ चुकला. इराणी तेलावाचून जगाचे अडेल असे ते गृहीत धरून चालले होते.

त्या बहिष्काराचे पडसाद मुंबईपर्यंत आले. भारताला लागणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांचा मोठा हिस्सा आबादानहून येत असे. तो झरा अचानक आटल्यावर, भारतात कारखाना काढण्याबाबत आधी नाखूश असलेल्या परदेशी कंपन्यांची भाषा बदलली. १९५१ च्या अखेरीस स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या कंपन्यांनी भारत सरकारशी करार केले. तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर १९५४ आणि १९५५ मध्ये जे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, त्यांच्या जन्मकथेत मोसादेघ यांचाही वाटा आहे. पुढे १९७० च्या दशकात भारतानेही त्यांचे राष्ट्रीयीकरण केले, आणि त्यासाठी कोणाचे सरकार उलथले नाही.

मोसादेघ स्वतः न्यूयॉर्कला गेले, सुरक्षा परिषदेत इराणची बाजू मांडली, ट्रुमन यांना भेटले. परतीच्या वाटेवर कैरोमध्ये त्यांच्या स्वागतासाठी रस्ते फुलून गेले होते. हाती मात्र काही लागले नाही. अमेरिकेच्या आयात-निर्यात बँकेने १९५० मध्येच जाहीर केलेले अडीच कोटी डॉलरचे कर्ज इराणच्या हातात कधीच पडले नाही. जागतिक बँकेची मध्यस्थीही १९५२ च्या वसंतात फिसकटली. जून १९५२ मध्ये इराणी तेल घेऊन निघालेले रोझ मेरी हे जहाज ब्रिटिशांनी एडनच्या बंदरात अडकविले.

परकीय कर्ज मिळत नाही आणि तेल विकत नाही, अशा कात्रीत सापडलेला अर्थमंत्री एरवी शरण जातो. मोसादेघ यांनी बिनतेलाचे अंदाजपत्रक मांडले. आयातीला कात्री लावली, गालिचे, सुका मेवा, कापूस यांची निर्यात वाढविली. १९५२ च्या प्रारंभी सरकारने जनतेसाठी कर्जरोखे काढले. बाजारातील छोटे दुकानदार, शिक्षक, मजूर यांनी ते घेतले. बड्या जमीनदारांनी पाठ फिरविली. परक्या सावकाराऐवजी स्वतःच्या जनतेचे ऋण घेणे, हा इराणच्या इतिहासातील नवा प्रकार होता. जपानच्या इदेमित्सू कंपनीने १९५३ मध्ये धाडसाने आपले जहाज आबादानला पाठविले, तेल नेले आणि टोकियोच्या न्यायालयात ब्रिटिश कंपनीचा दावाही परतवला. कोंडीला तडा जाऊ लागला होता. इराण दिवाळखोर होऊन मोसादेघ आपोआप पडतील, ही लंडनची अटकळ खरी ठरली नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या मार्गाची गरज भासली. कर्जाच्या फासात जो अडकत नाही त्याच्यासाठी कट रचावा लागतो.

याचा अर्थ मोसादेघ यांचे काही चुकलेच नाही, असा नव्हे. जुलै १९५२ मध्ये संरक्षण खाते आपल्याकडे असावे म्हणून त्यांनी शहांशी वाद घातला, राजीनामा दिला आणि २१ जुलैच्या उत्स्फूर्त जनउठावाने पुन्हा पंतप्रधानपदी आले. त्या दिवशी सैनिकांच्या गोळ्यांनी अनेक बळी घेतले. दुसऱ्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या तंट्यात आपल्याला अधिकारकक्षा नसल्याचा निकाल दिला. तो इराणचाच विजय होता. या यशाच्या शिखरावर त्यांनी मजलिसकडून विशेष अधिकार घेतले आणि ते पुन्हा वाढवून घेतले. रेझा खानांच्या काळात घटनेचा आग्रह धरणारा हा माणूस आता वटहुकमांनी कारभार करू लागला. आयातुल्ला काशानी यांच्यासारखे जुने सहकारी दुरावले. खर्च भागविण्यासाठी सरकारने गुपचूप जादा नोटा छापल्या होत्या. मजलिसने विरोधात गेलेल्या हुसेन मक्की यांची नोटांच्या तपासणी समितीवर निवड केली, तेव्हा हे बिंग फुटण्याची वेळ आली. आयुष्यभर दुसऱ्याची वही उघडायला सांगणाऱ्याला स्वतःची वही झाकावी लागली. मोसादेघ यांनी १९५३ च्या ऑगस्टमध्ये सार्वमत घेऊन मजलिस विसर्जित करण्याचा कौल मिळविला. त्यात होकाराच्या आणि नकाराच्या मतपेट्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. हे गुप्त मतदान नव्हतेच. विरोधकांना यापेक्षा मोठी देणगी मिळणे शक्य नव्हते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये त्यांनी ब्रिटिश वकिलात बंद केली होती. त्यामुळे ब्रिटनच्या हेरांना तेहरान सोडावे लागले आणि त्यांनी वॉशिंग्टनचे दार ठोठावले. तेलाचा मुद्दा पुढे केला असता तर अमेरिकनांनी ऐकले नसते, म्हणून कम्युनिझमची भीती दाखविण्यात आली. जानेवारी १९५३ मध्ये आयसेनहॉवर अध्यक्ष झाले. परराष्ट्र खाते जॉन फॉस्टर डलेस यांच्याकडे आणि सीआयए त्यांचे बंधू ॲलन यांच्याकडे आली. एप्रिलमध्ये सीआयएच्या तेहरान केंद्राला मोसादेघ यांना हटविण्यासाठी १० लाख डॉलर मंजूर झाले. त्याच महिन्यात मोसादेघ यांच्या निष्ठावंत पोलीसप्रमुखाचे अपहरण करून खून करण्यात आला. मेमध्ये मोसादेघ यांनी आयसेनहॉवर यांना पत्र लिहून आर्थिक मदत मागितली. महिनाभराने उत्तर आले, की तेलाचा वाद मिटविल्यास इराणला पैसा मिळू शकतो, तेव्हा अमेरिकी करदात्यांवर भार टाकणे रास्त होणार नाही. करदात्यांचे १० लाख डॉलर तेव्हा त्यांच्याच सरकारविरुद्ध तेहरानमध्ये खर्च होत होते. वृत्तपत्रांत लेख आणि व्यंगचित्रे पेरली जात होती, मजलिसच्या सदस्यांना विकत घेण्यासाठी आठवड्याला ११ हजार डॉलरची तरतूद होती आणि मौलवींना धमकावण्यासाठी कम्युनिस्टांच्या नावाने बनावट मोहीम चालविली जात होती.

जुलैमध्ये कर्मिट रूझवेल्ट हा सीआयएचा अधिकारी गुपचूप इराणमध्ये दाखल झाला. शहा डळमळीत होते. त्यांच्या जुळ्या बहिणीला, एका अमेरिकी जनरलला त्यांची समजूत घालण्यासाठी पाठवावे लागले. अखेर त्यांनी मोसादेघ यांना बडतर्फ करून जनरल झाहेदी यांना नेमणाऱ्या फर्मानांवर सही केली. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री कर्नल नसिरी फर्मान घेऊन मोसादेघ यांच्या दारी आले आणि स्वतःच पकडले गेले. कटाची कुणकुण आधीच लागली होती. शहा विमानाने बगदादला आणि तेथून रोमला पळाले. वॉशिंग्टनने गाशा गुंडाळण्याची तयारी केली. रूझवेल्ट मात्र थांबला.

पुढच्या तीन दिवसांत शहांच्या फर्मानाच्या प्रती वाटल्या गेल्या आणि कम्युनिस्टांच्या नावाने दंगे करणारे भाडोत्री जमाव रस्त्यांवर उतरविले गेले. खरे कम्युनिस्टही त्यांत सामील झाले आणि शहांचे पुतळे पडू लागले. १८ ऑगस्टच्या संध्याकाळी अमेरिकी राजदूत हेंडरसन यांनी मोसादेघ यांची भेट घेऊन अमेरिकी नागरिकांना होणाऱ्या त्रासाची तक्रार केली. मोसादेघ यांनी लगेच रस्ते मोकळे करण्याचा हुकूम दिला. यजमान म्हणून त्यांचे हे वागणे सभ्यपणाचे होते, पण त्याने त्यांचा घात केला. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, दक्षिण तेहरानमधून निघालेल्या शहासमर्थक जमावाला अडविणारे कोणी रस्त्यावर नव्हते. त्या गर्दीत पैसे घेऊन आलेले किती आणि महागाईला, अस्थैर्याला किंवा कम्युनिस्टांना कंटाळून आलेले किती, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. दुपारनंतर रणगाडे आले. नभोवाणी केंद्र पडले. मोसादेघ यांच्या घरावर संध्याकाळपर्यंत तोफा डागल्या गेल्या. ते सहकाऱ्यांसह भिंत ओलांडून शेजारी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वाधीन झाले.

मग पैसा आला. जे अमेरिकी साहाय्य करदात्यांचा भार म्हणून नाकारले गेले होते, ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच साडेचार कोटी डॉलरच्या रूपाने झाहेदी सरकारला जाहीर झाले. त्याआधी सीआयएने ५० लाख डॉलर थेट दिले होते. १९५४ मध्ये तेल एका आंतरराष्ट्रीय संघाकडे गेले. जुन्या ब्रिटिश कंपनीचा हिस्सा ४० टक्के, पाच अमेरिकी कंपन्यांचा मिळून ४० टक्के, शेलचा १४ आणि एका फ्रेंच कंपनीचा ६ टक्के होता. नाव इराणच्या राष्ट्रीय कंपनीचे राहिले आणि नफ्याची निम्मी वाटणीही मिळाली. संघाच्या वह्या तपासण्याचा वा त्याच्या संचालक मंडळावर बसण्याचा अधिकार मात्र इराणला नव्हता. शिवाय जुन्या कंपनीला दहा वर्षांत अडीच कोटी पौंड भरपाई द्यायची होती. कर्मिट रूझवेल्ट पुढे सीआयए सोडून गल्फ ऑइलमध्ये मोठ्या पदावर गेला. संघातील पाच अमेरिकी कंपन्यांपैकी ती एक होती.

८ नोव्हेंबर १९५३ पासून लष्करी न्यायालयापुढे मोसादेघ यांचा खटला चालला. न्यायालयाला हा खटला चालविण्याचा अधिकारच नाही, या मुद्द्यावर ते कित्येक दिवस भांडले. कधी बाकावर डोके टेकून झोपी गेले, कधी सरकारी वकिलाची फिरकी घेतली. शिक्षा झाली तीन वर्षांच्या एकांतवासाची. त्यांचे तरुण परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

१९५६ मध्ये शिक्षा संपल्यावर मोसादेघ यांना अहमदाबादला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. कुटुंबीयांखेरीज कोणालाही भेटण्याची परवानगी नव्हती. त्यांनी आठवणी लिहिल्या, गावकऱ्यांना औषधे दिली, शेतीचे हिशेब ठेवले. १९६५ मध्ये पत्नी गेली. कर्करोगाच्या उपचारांसाठी परदेशी जाण्याचे त्यांनी मनावर घेतले नाही. ५ मार्च १९६७ रोजी तेहरानमध्ये, त्यांच्या आईने स्थापन केलेल्या रुग्णालयात, त्यांचे निधन झाले. २१ जुलै १९५२ च्या हुतात्म्यांशेजारी दफन व्हावे, ही त्यांची इच्छा शहांनी नाकारली. अहमदाबादच्या घरातील एका खोलीची जमीन उकरून तेथेच त्यांना पुरण्यात आले.

कटाचा सविस्तर अंतर्गत अहवाल २००० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणला. १९ ऑगस्ट २०१३ ला, साठाव्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत सीआयएने आपला हात असल्याचे मान्य केले. त्यातील उरलेला मोठा भाग अमेरिकी परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये खुला केला. इराणमध्ये शहा गेल्यावर पहिल्याच पुण्यतिथीला, ५ मार्च १९७९ रोजी, लाखो लोक मिळेल त्या वाहनाने आणि पायी अहमदाबादला लोटले होते. तेहरानमधील सर्वांत लांब रस्त्याचे पहलवी हे नाव पुसून तेव्हा मोसादेघ यांचे नाव देण्यात आले. थोड्याच काळात नव्या सत्ताधाऱ्यांनी तेही पुसले. आता तो रस्ता वलीअस्र या नावाने ओळखला जातो.